मेनकेच्या पाच ओळी

माझ्या दुकानात तीन मेनका टांगलेल्या आहेत. एक लाल, एक मोरपिशी आणि एक पिवळी. पिवळी पहिल्याच धुण्यात आटली, त्यामुळे ती आता सातवीपर्यंतच्याच मुलींना होते. शेजारच्या दांडीवर सीता, भारतमाता, कोळीण, परी आणि सोळा फुलपाखरं आहेत. पिरंगुटच्या नाक्यावर, हार्डवेअरच्या वरच्या मजल्यावर माझं ड्रेपरीचं दुकान आहे. शाळांच्या गॅदरिंगला, मंडळांच्या देखाव्यांना लागणारे कपडे, मुकुट, दाढ्या, धनुष्यं मी भाड्याने देते. सीतेचा ड्रेस न्यायला मुलीची आई स्वतः येते, अंगाला लावून बघते, फोटो काढते. मेनकेचा न्यायला शाळेचा शिपाई येतो आणि वर्तमानपत्रात गुंडाळून मागतो.

मेनकेशी माझं जुनं भांडण आहे. तिच्याशी म्हणण्यापेक्षा तिच्यावर कविता करणाऱ्यांशी. ते कसं सुरू झालं हे सांगायचं तर आधी माझ्या वडिलांचं सांगायला हवं.

वडील हेडी होते, म्हणजे जनावरांच्या बाजारातले दलाल. लहानपणी मी त्यांच्याबरोबर बाजाराला जायची. बैल विकायला आला की ते त्याला शिंगापासून बघायला सुरुवात करत. शिंगं, मग डोळे, मग तोंड उघडून दात, मग मान, वशिंड, कंबर, शेवटी खूर. मागे जाऊन बघत. मग दावं धरून चार पावलं चालवून बघत. हे सगळं तोंडाने म्हणत जात, ते ऐकायला माणसं जमत. पुढे शाळेत आम्हाला जुन्या काव्यातलं अप्सरेचं वर्णन शिकवलं गेलं. केस, भुवया, डोळे, ओठ, दात, मान, मग खाली खाली, कंबर, पाऊल आणि शेवटी चाल. मी बाकावरून म्हणाले, सर, हे तर बाजारातलंच. वर्ग हसला आणि मला बाहेर उभं केलं. पण माझं चुकलं नव्हतं. उलट बाजार बरा. बैल घेणारा निदान विचारतो तरी की हा ओढतो किती आणि खातो काय. अप्सरेला हे कुणी विचारत नाही.

मला बाहेर उभं करणारे सर पुण्याच्या पेठेतले. एसटीने यायचे, एसटीने जायचे, आणि मधल्या वेळात कविता करायचे. मी नववीत असताना त्यांनी गॅदरिंगसाठी पद्यात एक नाटक लिहिलं, विश्वामित्र आणि मेनकेचं. विश्वामित्र म्हणून गावातल्या मोठ्या जमीनदार घरातला माझ्याच वर्गातला मुलगा घेतला, कारण मांडव आणि कर्णा त्याच्या घरून येणार होता. मेनका कुणी होईना. सीतेसाठी सहा मुली भांडत होत्या, मेनका म्हटलं की सगळ्यांच्या घरून पोटदुखीची चिठ्ठी. सर आमच्या घरी आले तेव्हा वडील बाजाराला गेलेले. आई म्हणाली, शाळंचं काम हाय तर करंल की. काकूचा शालू नेसवला, देवळातल्या भजनीबुवांकडून घुंगरांचे चाळ मागून आणले.

चाळीस ओळींच्या त्या नाटकात मेनकेला एकही ओळ नव्हती. बारा मुलामुलींचा कोरस माझं वर्णन गाणार, शिंगापासून खुरापर्यंत. कोरस कंबरेपाशी पोहोचला की मी विंगेतून यायचं, चार पावलं नाचायचं, चौथ्या पावलाला ऋषीने डोळे उघडायचे. मग तप मोडल्याबद्दल तो चौदा ओळी रडणार. शेवटी कोरस सांगणार की स्त्री म्हणजे धुकं, शहाण्याने त्यात पाऊल टाकू नये. मी तोवर कडेला मान खाली घालून उभी.

प्रत्यक्षात झालं ते असं. पडदा वर गेला. कोरस माझ्या केसांवर होता. मी विंगेत खाली बसून सुटलेला चाळ बांधत होते. आणि ऋषी महाराजांचे दोन्ही डोळे उघडे. आधी एक उघडला, मग दुसरा, आणि सरळ विंगेकडे, माझ्याकडे बघत बसला. पुढच्या रांगेतल्या बाया तोंडाला पदर लावून हसायला लागल्या. मुख्याध्यापक हसले. मी आत पाऊल टाकायच्या आधीच त्याचं तप मोडून जागेवर पडलं होतं.

बक्षीस त्यालाच मिळालं. सरांनी भाषणात सांगितलं की ऋषीच्या मनातलं वादळ त्याने फार बारकाईने दाखवलं. स्टीलचा तांब्या होता, मला अजून दिसतो. मला नाव मिळालं.

सोमवारपासून मी मेनका. एसटीच्या थांब्यावर मेनका, पिठाच्या गिरणीत मेनका. थांब्याच्या भिंतीवर खडूने चित्र काढलं होतं, त्यात कंबर होती आणि तोंड नव्हतं. एका कांदेवाल्याने भर बाजारात हाक मारली तेव्हा मी त्याचं तागडं उचलून ओढ्यात टाकलं. त्यावर लोक म्हणाले, बघा, मेनका चिडली. लग्नाच्या वयाला तीन स्थळं आली. तिन्ही ठिकाणी चहा-पोहे झाले आणि मग कुणीतरी पाहुण्यांना सांगितलं की पोरगी नाटकात नाचलेली आहे. काय नाटक, कुठे, किती मिनिटं, ते कुणी सांगितलं नाही आणि पाहुण्यांनी विचारलं नाही. शेवटी सातारच्या बाजूचा मुलगा मिळाला. त्यांना आमच्या गावची बातमी नव्हती. तो पुढे हिंजवडीच्या कंपन्यांच्या बसवर ड्रायव्हर झाला. लग्नानंतर महिन्याभराने त्याच्या कानावर नाव आलं. त्याने एवढंच विचारलं, नाच कसला होता? मी लाटणं हातात घेतल्यावर त्याने तो विषय संपवला. शहाणा माणूस.

विश्वामित्राला मात्र कुणी कधी विश्वामित्र म्हटलं नाही. तो वडिलांच्या जमिनीवर मोठा झाला, खोल्या बांधल्या, कारखान्यातल्या पोरांना भाड्याने दिल्या, नाक्यावरच्या गणेश मंडळाचा अध्यक्ष झाला. सर निवृत्त होऊन बावधनला मुलाच्या फ्लॅटमध्ये गेले आणि ज्येष्ठ कवी झाले. मी एका शिलाई मशिनवर ब्लाउज शिवत शिवत दुकानापर्यंत आले. माझ्याशी घासाघीस करताना भल्याभल्यांना घाम फुटतो असं म्हणतात. ते खरं आहे. ज्या मुलीला भर मांडवात बोलायला एक ओळ दिली नाही, तिने नंतर सगळीकडे बोलून घेतलं.

दुकानामुळे मेनकेने माझा पिच्छा सोडला नाही. कपडे भाड्याने दिले की मी तालमीला जाऊन बसते, माल कसा वापरतात ते बघायला. त्यामुळे मी जेवढ्या मेनका ऐकल्यात तेवढ्या एखाद्या प्राध्यापकानेही ऐकल्या नसतील. जुन्या कवितेतल्या मेनकेला सोळा जागी फुलं लावतात आणि शेवटी दोष लावतात. मला वाटलं नवे कवी तरी बरे असतील. हिंजवडीकडच्या एका सोसायटीत महिला दिनाला कविसंमेलन होतं, त्यासाठी मोरपिशी मेनका गेली होती. तिथली कवयित्री म्हणाली की मेनका म्हणजे बंड, मेनका म्हणजे वणवा. आणि शेवटच्या ओळीला तिने पायातले चाळ तोडून प्रेक्षकांत भिरकावले. टाळ्या पडल्या. मी खुर्च्यांखाली वाकून घुंगरं गोळा केली. अकरा मिळाली नाहीत. तिला म्हटलं, बाई, बंड तुमचं, चाळ माझे. तर ती म्हणाली, मावशी, तुम्हाला प्रतीक कळलं नाही. मला प्रतीक कळलं होतं. जुना कवी तिची कंबर बघतो, नवा कवी तिच्यातला वणवा बघतो. बाई कुणालाच बघायची नाही.

मग मी ठरवलं की मूळ गोष्ट आपण स्वतः वाचायची. वाचनालयातून भाषांतर आणलं आणि दुपारच्या वेळी गिऱ्हाईक नसताना वाचलं. एका पानावर मी काउंटरवर हात आपटला. खालून हार्डवेअरवाला ओरडला, काय पडलं? पडलं काही नव्हतं. इंद्राने मेनकेला सांगितलं, जा आणि त्या ऋषीचं तप मोड. तर मेनका लगेच उठून नटायला गेली नाही. ती म्हणाली, तो माणूस तापट आहे, तुम्हीसुद्धा त्याला घाबरता, मग मला एकटीला का पाठवता? मला वारा बरोबर द्या, मदन बरोबर द्या, तर जाते. इंद्राला द्यावं लागलं. म्हणजे बाईने अटी घातल्या होत्या. माझ्या वडिलांनी दावं हातात घेण्याआधी घातल्या असत्या तशा. एवढ्या कविता झाल्या, पण हे एकानेही गायलं नव्हतं. दुसऱ्या एका जुन्या कथेत ती त्या ऋषीजवळ दहा वर्षं राहिली असं आहे. दहा वर्षं! दहा वर्षं कुणी कुणाला भुरळ घालतं का? दहा वर्षांत आमच्याकडे दोन पोरं आणि एक पाण्याची टाकी होते.

दोन वर्षांपूर्वी गणपतीच्या महिनाभर आधी अध्यक्ष दुकानात आला. आपल्या हाताने खुर्ची ओढली, चहा सांगितला, पावसाचं बोलला, रस्त्याच्या खड्ड्यांचं बोलला. घेणारा माणूस जनावराकडे न बघता आधी आकाशाकडे बघतो, हे मला लहानपणापासून माहीत आहे. चहा संपल्यावर त्याने विषय काढला. मंडळ यंदा जिवंत देखावा करणार होतं, माणसं उभी करून, मागे रेकॉर्ड केलेले संवाद लावून. आणि सरांच्या अमृतमहोत्सवानिमित्त सरांचंच ते नाटक घेतलं होतं. विश्वामित्र म्हणून जिमवाला पोरगा ठरला होता. मेनकेसाठी यंदाही गावातल्या सगळ्या घरांत पोट दुखलं होतं. आणि मग त्याची स्वतःची मुलगी म्हणाली, मी करते. हिंजवडीला कंपनीत आहे, स्वतःचं कमावते, कुणाच्या बापाचं ऐकत नाही, त्याचंही नाही.

"तू सांग, मेनकेचा ड्रेस न्हाई म्हनून," तो म्हणाला. "तिन्ही गेल्यात म्हन. ऐन सीझनला शहरातबी मिळायचा न्हाई. ड्रेस न्हाई तर मेनका न्हाई."

मी म्हटलं, का बरं?

"बावधनचं स्थळ चाललंय तिला. तुला तर म्हाईतच हाय. नाव पडलं की निघत न्हाई."

चाळीस वर्षं मी हे वाक्य त्याच्या तोंडून ऐकायची वाट बघत होते. पण ते माझ्यासाठी आलं नव्हतं. माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी दांडीवरची लाल मेनका काढून त्याच्यासमोर काउंटरवर टाकली आणि विचारलं, अध्यक्ष, त्या दिवशी मी विंगेत चाळ बांधत होते तेव्हा तुमचे डोळे कुठे होते?

तो चहाचा कागदी कप चुरगळत बसला. मग म्हणाला, "उघडंच व्हतं." कप टोपलीत टाकून म्हणाला, "लई येळ मिटून ऱ्हावंना."

आम्ही दोघं असे समोरासमोर बसलेलो असतानाच सर जिना चढून आले. हातात नाटकाची टाइप केलेली प्रत. मी उठून नमस्कार केला. राग एका बाजूला, गुरुजी एका बाजूला. सर खूश होते. चाळीस ओळी जशाच्या तशा ठेवल्यात म्हणाले, एक काना बदललेला नाही. दहा दिवस, दर अर्ध्या तासाने, नाक्यावर कर्ण्यातून. माझ्या दुकानाच्या बरोबर खाली. म्हणजे मी दिवसभर माल देत-घेत बसायचं आणि खालून दर अर्ध्या तासाने ऐकायचं की स्त्री म्हणजे धुकं. आणि ते ऐकणारी पुढची पोर खाली मान घालून उभी असणार.

मी सांगून टाकलं. ड्रेस आहे, तिन्ही आहेत, आणि मंडळाला फुकट देते. पण मेनकेला ओळी पाहिजेत. शेवटचं धुकं काढायचं आणि तिथे तिने बोलायचं. दहा ओळी.

सर हसले. "अगं, काव्य म्हणजे भाजी नव्हे. मेनकेचं मौन हेच तिचं सौंदर्य आहे. फार तर एक ओळ देतो. एखादा सुस्कारा."

मी म्हटलं, नऊ. सर म्हणाले, एक. तोवर दोन गिऱ्हाइकं आली होती, हार्डवेअरवाला जिन्यात येऊन उभा होता, आणि सगळ्यांसमोर भाव बोलणं आमच्या घराण्यात बसत नाही. मी मेनकेचा लाल शेला उचलला आणि सरांच्या हातावर टाकला. बाजारात सौदा असाच होतो. कापडाखाली हात, कुणाला दिसत नाही, तोंडाने कुणी बोलत नाही. एक बोट धरलं तर एक, दोन धरली तर दोन, सगळा पंजा धरला तर पाच. सर तीस वर्षं आमच्या गावात शिकवत होते पण बाजारात कधी गेले नव्हते. मी त्यांना बोटं समजावून सांगितली. एक नियम सांगायचा राहिला. समोरच्याचा हात दाबला की सौदा मिटला.

राहिला म्हणजे राहिला. एवढ्या गडबडीत सगळं आठवतं का?

मी शेल्याखाली सरांची एका हाताची पाच आणि दुसऱ्या हाताची तीन बोटं धरली. आठ. सरांचे कान लाल झाले. पंचाहत्तरीचा माणूस, मेनकेच्या शेल्याखाली विद्यार्थिनीच्या हातात हात, समोर बघे. त्यांनी घाईघाईत माझा अख्खा पंजा धरला आणि पुरे आता, या अर्थाने चांगला घट्ट दाबला.

अध्यक्षाने मांडीवर थाप मारली. "पाच. सर, पंजा दाबला तुमी. सौदा मिटला."

सर म्हणाले, कसला सौदा, मी हात सोडवत होतो. हार्डवेअरवाला जिन्यातून म्हणाला, दाबलेला आम्ही बघितला, शेला हलला. सरांनी सगळ्यांकडे आळीपाळीने बघितलं. तपोभंग कसा होतो ते त्यांना त्या दिवशी कळलं असावं. त्यांचं म्हणणं एकच होतं, की मला फसवलं. मी म्हटलं, सर, फसवलं असेल, पण हात तुमचा तुम्ही दाबलात.

तीन दिवसांनी त्यांनी पाच ओळी पाठवल्या. त्यात मेनका म्हणत होती की मी ज्योत, मी वादळ, मी युगायुगांचा हुंकार. मी फोन करून म्हटलं, सर, हुंकार काढायला ती म्हैस आहे का? दुसऱ्या पाचात तिला क्षमा मागायला लावली होती. मी ते वाचून फोनच केला नाही, कागद परत पाठवला. तिसऱ्या वेळी सर स्वतः आले, खुर्चीवर बसले आणि पेन काढून म्हणाले, "तूच सांग, ती काय म्हणाली असती. मी फक्त लिहून घेतो."

अशी वेळ आली की माणसाला काही सुचत नाही म्हणतात. मला सगळं सुचलं. चाळीस वर्षं माल गोदामात तयार पडला होता. सरांनी एक-दोन शब्द जागचे हलवले, बाकी हात लावला नाही, आणि दुसरी ओळ वाचून ते चष्मा पुसत राहिले.

इंद्राने सांगितलं, मी अटी घातल्या, मग निघाले.
वारा मागितला, मदन मागितला, दोष मागितला नव्हता.
मी पाऊल टाकलं तेव्हा तुमचे डोळे उघडेच होते.
दहा वर्षं राहिले, त्याला भुरळ नाही, संसार म्हणतात.
आता तप मोडल्याचं नाव ज्याचं त्याने घ्यावं.

संध्याकाळी अध्यक्ष ओळी न्यायला आला. वाचता वाचता तिसरीवर थांबला. ओळ सगळ्यांना विश्वामित्रावरची वाटली असती. पण आमच्या वयाचं अर्धं गाव त्या गॅदरिंगला मांडवात होतं आणि पुढच्या रांगेत हसलेल्या बाया अजून जिवंत आहेत. त्याला ते कळलं. ती ओळ गाळायला तो काय काय द्यायला तयार होता ते इथे सांगत नाही, खोल्यांपैकी एक गोदामाला देण्यापर्यंत गेला होता, आणि गोदामाची मला गरज होती. मी म्हटलं, अध्यक्ष, नाव हे बाजारात आणलेल्या जनावरासारखं आहे. ते कुणाच्या तरी दावणीला बांधलं जातंच, मोकळं घरी जात नाही. ही ओळ काढली तर ते कुणाकडे जाईल?

खाली त्याची मुलगी स्कूटर लावून ड्रेसचं माप द्यायला येत होती, तिचा आवाज जिन्यात आला.

"ऱ्हाऊ दे मग ओळ," तो म्हणाला. "पोरीपरीस माझ्यावर पडल्यालं बरं."

चाळीस वर्षांत त्या माणसाने डोळे मिटून केलेली ही पहिली गोष्ट. मी त्याला दुसरा चहा सांगितला.

रेकॉर्डिंगच्या दिवशी मुलीला ऑफिसची मीटिंग लागली. स्टुडिओ तासावर घेतलेला, कोरसची पोरं ताटकळलेली. सर म्हणाले, तू वाच. म्हणून देखाव्यात झालं असं की चोवीस वर्षांची मोरपिशी मेनका नाजूक ओठ हलवायची आणि कर्ण्यातून माझा आवाज यायचा, ड्रेस वेळेत परत न आणणाऱ्यांना ओरडून ओरडून बसलेला. पहिल्या संध्याकाळी पहिल्या ओळीलाच गर्दीत खसखस पिकली, ही तर ड्रेपरीवाली. लोक मोठमोठ्याने हसले. मी दुकानाच्या खिडकीत उभी होते. वाटलं, मला घातलंच पुन्हा काकूच्या शालूत. मग तिसरी ओळ आली. जिमवाल्या विश्वामित्राने ठरल्याप्रमाणे डोळे खाली घातले. पुढे बसलेल्या एका म्हातारीने पदर तोंडाला लावला, शेजारणीला कोपर मारलं, आणि दोघींनी माना वळवून मांडवाच्या कोपऱ्यात उभ्या असलेल्या अध्यक्षाकडे बघितलं. मग तिसरीने बघितलं. हसू रांगारांगाने मागे गेलं, आणि ज्यांना काही माहीत नव्हतं त्यांनी शेजाऱ्याला विचारून घेतलं.

दहा दिवस दर अर्ध्या तासाने हे झालं. कंपन्यांच्या शिफ्ट सुटल्या की पोरं बसमधून उतरून तिसऱ्या ओळीपर्यंत थांबायची आणि मग घरी जायची. बावधनची मंडळी चौथ्या दिवशी बघून गेली. होणाऱ्या सासूबाईंनी मेनकेबरोबर फोटो काढला. स्थळ पुढे मोडलं, पण ते मुलीने मोडलं. देखावाभर मुलगा मोबाइलवर होता, म्हणाली, याच्यासमोर साक्षात मेनका आली तरी हा डोळे उघडायचा नाही.

सरांच्या नव्या संग्रहात ते नाटक पाच ओळींसह छापलं गेलं. खाली माझं ऋण मानलेलं नाही. तो हिशेब वेगळा, तो मी कधीतरी बघून घेईन.

विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी अध्यक्ष मोरपिशी मेनका परत करायला स्वतः आला. वर्तमानपत्रात गुंडाळली नव्हती, हातावर उघडी आणली होती. मी चाळाची घुंगरं मोजून घेतली, सगळी होती. तो खुर्चीवर बसला आणि या वेळी पावसाचं बोलला नाही.

"पेट्रोल पंपावरली पोरं मला इश्वामित्र म्हनत्यात," तो म्हणाला. "काल ग्रामपंचायतीत सह्या करताना एकानं सांगितलं, ऋषी, डोळं मिटून करा. किती दिस चालंल गं ह्ये?"

मी म्हटलं, मला चाळीस वर्षं झाली. तुम्ही घरचे म्हणून पस्तीस लावते.

त्याने माझ्याकडे बघितलं. मग खांद्यावरचं उपरणं काढलं, उजव्या हातावर टाकलं आणि हात काउंटरवरून माझ्यापुढे केला. मी आत हात घातला. त्याने किती बोटं धरली आणि मी किती, ते सांगणार नाही. कापडाखालचं बाहेर सांगायचं नसतं, हा वडिलांनी शिकवलेला पहिला नियम. एवढंच सांगते की बराच वेळ लागला, आणि हात आधी त्याने दाबला.